२०११ च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनलमध्ये मायामीच्या लेब्रॉन जेम्सला नेमकं झालं काय होतं? खरंच घाबरला होता का?

घाबरला नव्हता, बिचकला होता. आणि त्याला बिचकवण्यात समोरच्या डॅलस टीमचा निम्मा हात होता, ते श्रेय त्यांना कोणी देतच नाही.

आधी आकडे बघ. त्या सीझनला लेब्रॉनची सरासरी २६.७ पॉइंट्सची, फायनलच्या सहा मॅचमध्ये ती आली १७.८ वर. तेही चाललं असतं एक वेळ, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि असिस्ट (बास्केट करून देणारा पास) सातच्या आसपास होतेच, पाचव्या मॅचला तर ट्रिपल डबल, म्हणजे पॉइंट्स-रिबाउंड-असिस्ट तिन्ही दोन आकडी, आहे त्याच्या नावावर. खरा घोळ चौथ्या क्वार्टरचा. सहाही मॅचचे चौथे क्वार्टर मिळून पॉइंट्स किती, तर १८! ऐन मोक्याला साहेब गायब.

लोक म्हणतात शॉट चुकले, अरे चुकायला आधी मारावे लागतात ना. चौथी मॅच काढून बघ, पण बॉलकडे नको बघूस, नुसती त्याच्या सहा नंबरच्या जर्सीवर नजर ठेव. ४६ मिनिटं कोर्टवर, ११ पैकी ३ शॉट आत, ८ पॉइंट्स, शेवटच्या क्वार्टरला भोपळा. त्याचा टीममेट ड्वेन वेड बॉल घेऊन झगडतोय आणि हा कडेला उभा, बॉल हातात आला की क्षणभर विचार आणि लगेच दुसऱ्याकडे, जणू हातात निखारा दिलाय. मायामी ८६-८३ हरली, ती जिंकली असती तर सिरीज ३-१ होती राव, चार जिंकला की टायटल. आणि त्याच रात्री समोर डॅलसचा स्टार डर्क नोवित्स्की १०१ ताप अंगात घेऊन खेळत होता, शेवटच्या मिनिटाला आत घुसून बास्केटही करून गेला.

आता डॅलसचा भाग. त्यांचा कोच रिक कार्लाइलने मधूनमधून झोन (माणूस न धरता जागा राखायचा डिफेन्स) लावला, लेब्रॉनच्या अंगावर जास्त करून शॉन मॅरियन आणि मागे पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या भागात, टायसन चँडलर. आत घुसावं तर भिंत, बाहेरून मारावं तर त्याचा तेव्हाचा जंपशॉट भरवशाचा नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोस्ट-अप (बास्केटजवळ डिफेन्डरला पाठ लावून खेळणं) जवळजवळ नव्हताच त्याच्या गेममध्ये, त्यामुळे कधी डॅलसचा जेमतेम सहा फुटांचा बारिआ समोर सापडला तरी त्याला पाठीवर घेऊन रेटत आत नेण्याऐवजी हा बाहेर उभा राहून पास शोधतोय. याचा मला अजून राग येतो. साडेसहा फुटांच्या वर उंची, अंगात बैलाची ताकद, आणि करतोय काय!

डोक्याचा भागही होताच, नाही कशाला म्हणू. आदल्या उन्हाळ्यात टीव्हीवर खास कार्यक्रम करून टीम बदललेली, मग स्वागताला स्टेजवर किती टायटल जिंकणार ते मोजून दाखवलेलं, सगळा देश हरण्याची वाट बघत बसलेला. त्यात दुसऱ्या मॅचला सात मिनिटं बाकी असताना १५ ची लीड घालवली आणि ९५-९३ हरले. माझ्या मते तिथेच काहीतरी सटकलं. पण मुळात दबावात खेळताच येत नाही म्हणायचं, तर त्याच्या आधीच्याच सिरीजमध्ये शिकागोविरुद्ध शेवटच्या मिनिटांत हाच मॅच काढून देत होता, शिवाय त्या वर्षीच्या एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) डेरिक रोझला डिफेन्डही करत होता. त्यामुळे 'भित्रा आहे' हे लेबल मला पटत नाही.

हरल्यावर त्याच उन्हाळ्यात तो जुना दिग्गज खेळाडू हकीम ओलाजुवॉनकडे पोस्टचे मूव्ह शिकायला गेला. २०१२ च्या फायनलला ओक्लाहोमा सिटीविरुद्ध सरासरी २८.६, सिरीज ४-१, फायनलचा एमव्हीपी तोच. त्या सिरीजमध्ये कडेला उभा राहून पास शोधणारा लेब्रॉन दिसत नाही, सरळ पाठ लावून आत रेटतो, दोन जण अंगावर आले की मग मोकळ्या माणसाला पास.