आधीच्या भाडेकरूचा कौन्सिल टॅक्स तुमच्या गळ्यात पडतो का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कंपनी इंग्लंडात रेडिंगला पाठवतेय, तिथल्या मित्राने तुमच्यासाठी एक फ्लॅट पाहिला, भाडंही जमतंय, पण दाराच्या आत आधीच्या भाडेकरूच्या नावाची कौन्सिलची (म्हणजे तिथल्या नगरपालिकेची) आणि बेलिफ कंपनीची (म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्यांची) पाकिटं पडलेली होती. एजंट म्हणतो, दुर्लक्ष करा. फ्लॅट घ्यावा का, आणि ती थकबाकी तुमच्याकडून वसूल होईल का?

थकबाकी तुमच्यावर येणार नाही आणि एवढ्या कारणासाठी फ्लॅट सोडू नका. एजंटचा सल्ला मात्र अर्धाच ऐका.

तुम्हाला धास्ती वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे घरपट्टीचा बोजा मिळकतीवर चढतो, म्हणून रीसेलचा फ्लॅट घेताना आपण महापालिकेची शेवटची पावती आधी मागतो. इंग्लंडात १९९३ पासून चालत आलेला कौन्सिल टॅक्स ठरतो घरावरून (१ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत काय झाली असती त्यावर ए ते एच असे बँड, म्हणजे कराचे गट, आहेत), पण तो देणं लागतो साधारणपणे तिथे राहणारा माणूस, आणि तेही तो राहिला तेवढ्याच दिवसांचं. माणूस घर सोडून गेला की थकबाकी त्याच्या नावाबरोबर जाते. तो का बुडवून गेला, कुठे गेला, याचा छडा लावणं तुमचं काम नाही. तुम्ही कोणत्या तारखेला आलात एवढं तुम्हाला कागदावर दाखवता आलं पाहिजे.

म्हणून त्या तारखेला जपा. टेनन्सी अॅग्रीमेंट, एजंटची चेक-इन इन्व्हेंटरी (ताबा घेतानाची घरातल्या वस्तूंची यादी), किल्ल्या मिळाल्याचा ईमेल आणि पहिल्याच दिवशी काढलेले गॅस-विजेच्या मीटरचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. करार १ तारखेचा आणि विमान १५ चं असेल तर मधल्या पंधरवड्याचं बिल तुमच्या नावे येऊ शकतं, तेव्हा करार शक्यतो येण्याच्या बेताने सुरू करा. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर करारावर एकाचंच नाव असलं तरी दोघंही जबाबदार धरले जातात, हेही माहीत असू द्या.

आपल्या लोकांत एक प्रकार सर्रास चालतो, त्यापासून सावध राहा. कंपनीतला कुणी भारतात परत निघतो आणि त्याचाच फ्लॅट नवा आलेला घेतो. एजंटला नवा करार करायचा कंटाळा, म्हणून जुन्याच करारात तुमचं नाव घुसडायचं, तारीख जुनीच. असं करू देऊ नका. संयुक्त भाडेकरूंची जबाबदारी संयुक्त असते. कागदावर तुम्ही मागच्या वर्षापासून तिथे आहात असं दिसलं तर कौन्सिल मागच्या वर्षाचे पैसे तुमच्याकडे मागू शकते, आणि मग तुम्ही तेव्हा पुण्यात होतात हे पटवत बसावं लागतं. त्यात आधीचाही पाटील आणि तुम्हीही पाटील असाल तर विचारूच नका. अशा वेळी प्रत्येक पत्रात पूर्ण नाव घाला. जन्मतारीख मात्र फक्त कौन्सिलला सांगा, बेलिफला नाही.

पाकिटांचं काय करायचं? दुसऱ्याच्या नावाचं टपाल फोडू नका. चुकून आलेलं पत्र त्या माणसाचं नुकसान करण्याच्या हेतूने, सबळ कारणाशिवाय फोडणं हा २००० च्या पोस्टल सर्व्हिसेस अॅक्टखाली गुन्हा आहे. पाकिटावर ‘नॉट अॅट धिस अॅड्रेस, रिटर्न टु सेंडर’ असं ठळक लिहा आणि लाल पोस्टपेटीत टाका, तिकीट लागत नाही. ‘द ऑक्युपायर’ असं लिहिलेलं पाकीट मात्र तुमचंच समजा आणि उघडा.

पत्रं थांबत नाहीत याचं कारण साधं असतं. जाणाऱ्याने कौन्सिलला कळवलेलंच नसतं. हप्ता चुकला की स्मरणपत्र, मग फायनल नोटीस, मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, लायबिलिटी ऑर्डर (थकबाकी वसुलीचा कोर्टाचा आदेश) आणि शेवटी बेलिफ (आता कागदोपत्री एन्फोर्समेंट एजंट) अशी ती साखळी आपोआप पुढे सरकते. ती तोडायची तर पहिल्या आठवड्यातच कौन्सिलच्या वेबसाइटवर स्वतःच्या नावाचं खातं उघडा आणि राहायला आल्याची तारीख द्या. त्याच पत्त्यावर नवं नाव आलं की जुनं खातं तपासलं जातं. बेलिफ कंपनीची यादी मात्र वेगळी असते, म्हणून तिलाही करारासह एक ईमेल टाका. पाकिटावर बाहेरून संदर्भ क्रमांक दिसत असेल तर तो विषयात लिहा, पण त्या क्रमांकावर एक पौंडही भरू नका.

तरीही कुणीतरी दारात येऊ शकतो. आमच्याकडे आला होता. छातीवर कॅमेरा, हातात टॅब्लेट, नाव आधीच्या भाडेकरूचं. बायकोने दार उघडलं नाही. बैठकीच्या खिडकीच्या काचेला आतून कराराचं पहिलं पान लावून धरलं, नाव आणि तारीख दिसेल असं. त्याने वाचलं, टॅब्लेटवर काहीतरी टिपलं आणि गेला. पुढे आणखी एक पत्र आलं, ते कौन्सिलच्या उत्तराची प्रत पाठवल्यावर बंद झालं.

नियम तुमच्या बाजूने आहेत. कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्या भेटीत बेलिफ दार तोडून घुसू शकत नाही. सकाळी ६ ते रात्री ९ मध्येच यायचं असतं, घरात फक्त १६ वर्षांखालची मुलं असतील तर आत शिरता येत नाही आणि जप्ती फक्त कर्जदाराच्या मालकीच्या वस्तूंची होते. फ्लॅटच्या पार्किंगमधल्या गाडीला जॅमर लावल्याचे प्रकार घडतात, तेव्हा गाडी घ्याल तर तिची पावती आणि पैसे भरल्याचा पुरावा हाताशी ठेवा. बेलिफ अडून बसला तर तक्रार कौन्सिलकडे करा, कारण तिने नेमलेल्या बेलिफची जबाबदारी तिचीच असते. तिथे दाद लागली नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या लोकपालाकडे) जाता येतं. कौन्सिलच तुम्हाला जबाबदार धरत असेल तर आधी तिच्याकडे लेखी हरकत, मग व्हॅल्युएशन ट्रायब्युनल (कौन्सिल टॅक्सचे वाद ऐकणारा लवाद). दोन्हीकडे फी नाही.

क्रेडिट रेकॉर्डची काळजी सोडा, ते नावाने चालतं. नुसता पत्ता एक असल्याने तुमचं त्याचं नातं जोडलं जात नाही.

दुसऱ्याच्या उधारीचा खरा फटका बसतो तो मीटरवर, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. फ्लॅटमध्ये प्रीपेमेंट मीटर (आधी पैसे भरून चालणारा) असेल आणि आधीच्याने विजेचे पैसे थकवले असतील तर ती थकबाकी मीटरमध्येच चढवलेली असू शकते. मीटर भरायची त्याचीच की (किल्ली) किंवा कार्ड वापरून तुम्ही टॉप-अप केलंत की त्यातले काही पौंड गुपचूप त्याच्या खात्यात कापले जातात. म्हणून ड्रॉवरमध्ये सापडलेलं कार्ड वापरू नका. आधी पुरवठादाराला फोन करा, आपण नवे आहोत आणि आजचं रीडिंग हे, असं सांगा, थकबाकी काढायला लावा आणि नवी की मागवा.

तुमच्या स्वतःच्या बिलाबद्दल: ते साधारण दहा हप्त्यांत येतं, मागितल्यास बाराही करून देतात. तुम्ही आधी एकटे येणार असाल तर २५ टक्के सवलत मागा. ती सरकारी मदतीत धरली जात नाही, व्हिसाला बाधा नाही. कमी उत्पन्नासाठीचं कौन्सिल टॅक्स रिडक्शन मात्र धरलं जातं, तिकडे फिरकू नका. बायको-मुलगा आले की लगेच कळवा. हेच बिल पुढे बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. हे सगळं इंग्लंडचं. पुढेमागे बदली उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला झाली तर तिथे कौन्सिल टॅक्स नाही, ‘रेट्स’ नावाचा वेगळा कर आहे.

होल्डिंग डिपॉझिट, म्हणजे फ्लॅट राखून ठेवण्याचं आगाऊ टोकन, भरण्याआधी (ते एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही) एजंटला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: आधीचा भाडेकरू कोणत्या तारखेला गेला, मधल्या रिकाम्या दिवसांचा कौन्सिल टॅक्स घरमालक भरतोय ना, आणि मीटर प्रीपेमेंटचा आहे का. फोनवर उत्तर द्यायला लागला तर म्हणा, लिहून पाठवा.