गिअरच्या सायकलीला आधी काय घ्यावं?

दिवाळीत घरोघरी नव्या सायकली आल्या की पुढचे दोन महिने या सदराकडे येणारी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: सायकल तर आली, आता तिला काय काय घ्यायचं? साताऱ्यात वडिलांनी सुरू केलेलं सायकल दुरुस्तीचं दुकान आता मी सांभाळते. लोक काय विकत घेतात आणि त्यातलं सहा महिन्यांनी काय शिल्लक राहतं, हे तिथे रोज दिसतं. त्यावरूनच ही उत्तरं देतेय. किमती आमच्याकडच्या आहेत, तुमच्या गावात थोड्या इकडेतिकडे होतील.

ताई, मी कोरेगाव तालुक्यातून लिहितोय. अकरावीत आहे. पाडव्याला एमटीबी, म्हणजे डोंगरी वाटांची सायकल घेतली. २१ गिअर, साडेसत्तावीसचं चाक, पुढे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. तीन हजार रुपये उरलेत. ऑनलाइन बारा वस्तूंचा सेट मिळतोय, त्यात मोबाइल होल्डर, भोंगा, बॅग, लाइट सगळं येतं. घेऊ का? रोज कॉलेजला जातो आणि रविवारी मित्रांबरोबर डोंगराच्या कच्च्या वाटांनी फिरतो.

तो सेट घेऊ नकोस. बारापैकी दोन-तीन वस्तू तुला लागतील, आणि नेमक्या त्याच त्यात सगळ्यात हलक्या प्रतीच्या असतात. तीन हजारांत तुझं सगळं महत्त्वाचं बसतं, फक्त क्रम नीट लावायला हवा.

पहिले हजार-बाराशे हेल्मेटचे. घरातलं मोटरसायकलचं हेल्मेट चालणार नाही. जड असतं, हवा खेळत नाही, आणि चढावर तू ते काढून हँडलला अडकवशील. सायकलचंच घे. आतल्या बाजूला ईएन १०७८ किंवा सीपीएससी (हेल्मेटच्या सुरक्षेची युरोपची आणि अमेरिकेची मानकं) असं लिहिलेलं आहे का ते बघ. भुवईच्या वर दोन बोटांवर पुढची कड आली पाहिजे, पट्टे कानाच्या खाली जुळले पाहिजेत आणि पट्टा न लावता मान हलवली तरी ते डोक्यावर टिकलं पाहिजे. कुणाचं वापरलेलं स्वस्तात मिळालं तरी नको. एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटचा आतला फोम दबलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

त्यानंतरचा पैसा आधी काट्यांसाठी. तुमच्या भागात बाभूळ आहे आणि सराटा तर शेताच्या बांधाबांधावर. पाऊस संपला की सराट्याची फळं वाळून वाटेवर पसरतात आणि कशीही पडली तरी एक काटा वर राहतोच. नवी सायकल घेतलेल्या मुलांचा रविवार वाया जातो तो बहुतेक याच्यामुळे. गाव पाच-सहा किलोमीटर लांब, सोबत काहीच नाही आणि सायकल हातात धरून चालायचं.

तेव्हा एक जादा ट्यूब घे, साधारण तीनशे रुपये. दुकानात जाण्याआधी टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कागदावर उतरवून ने: २७.५ x २.१० असा काहीतरी असेल, शेजारी ५८४ हा आकडाही दिसेल. व्हॉल्व्ह कोणता तेही बघ. मोटरसायकलसारखा जाड असेल तर श्रेडर, बारीक आणि टोकाला छोटी फिरकी असेल तर प्रेस्टा. जाड व्हॉल्व्हचं एक बरं असतं, पेट्रोल पंपावरची हवा त्याला चालते. जुन्या काळ्या सायकलीची वॉलट्यूब मात्र दोन्हींना उपयोगाची नाही.

मग पंक्चर किट आणि प्लॅस्टिकचे दोन टायर लिव्हर, मिळून दीडशेच्या आत. टायर काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नकोस, तो ट्यूबला दुसरं भोक पाडतो. हातपंप पाचशेचा. घेताना तो तुझ्या व्हॉल्व्हवर दुकानातच लावून बघ, आणि आत रबरी नळी असलेला मिळाला तर तोच घे. नळी नसलेला पंप जोरात मारताना व्हॉल्व्ह मुळाशी हलतो आणि तिथेच ट्यूब फाटते.

पंक्चर काढताना बहुतेक जण एक काम विसरतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ट्यूब बाहेर काढली, भोक सापडलं, पॅच लावला, बसवलं, आणि अर्ध्या तासात पुन्हा हवा गेली. कारण काटा टायरमध्ये तसाच होता. सराट्याचं टोक रबरात मोडून बसतं, बाहेरून दिसत नाही, आत एक-दोन मिलिमीटर डोकावतं. बोट फिरवलंस तर बोटात घुसेल. जुन्या बनियनचा तुकडा किंवा कापसाचा बोळा घे आणि टायरच्या आतून सावकाश, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून फिरव. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. बाहेरून चिमट्याने किंवा आतून नखाने ढकलून काढ. मग पॉलिश पेपरने ट्यूब खरखरीत कर, सोल्यूशन पातळ लाव आणि ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांब. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच टिकत नाही.

भोकाचा आकारही वाचायला शीक. एकच बारीक छिद्र म्हणजे काटा. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि दगडावर ट्यूब रिमखाली चिमटली. रिमच्या बाजूने भोक असेल तर आतली रिम टेप सरकलेली आहे आणि तारेचं टोक ट्यूबला लागतंय. तिन्हींचा इलाज वेगळा. हवा टायरवर छापलेल्या किमान आणि कमाल आकड्यांच्या आतच ठेव. डांबरी रस्त्याला वरच्या बाजूला, कच्च्या वाटेला खालच्या बाजूला.

टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी टाकायची पद्धत आपल्याकडे आहे. चालते, पण तिच्या कापलेल्या कडा घासून नवी ट्यूब झिजवतात. तयार लायनर (अशीच विकतची पट्टी) किंवा ट्यूबमध्ये भरायचं, भोक आतून बुजवणारं सीलंट जास्त बरं. सीलंट आपल्या उन्हाळ्यात काही महिन्यांत आत वाळतं, मग पुन्हा भरावं लागतं. हे तुला आत्ता लगेच नको. महिन्यात तीन-चार पंक्चर व्हायला लागले तर घे.

उरले हजाराच्या आत. त्यात साडेचारशेपर्यंतचा घडीचा ॲलन की संच. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या षटकोनी चाव्या आणि एक चौफुली स्क्रू ड्रायव्हर एवढं असलं की तुझ्या सायकलचे बहुतेक बोल्ट आवळता येतात. चेन तोडायचं हत्यार त्यातच असलेला मिळाला तर उत्तम. मग चेनची एक क्विक लिंकही, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, खिशात ठेव. तुझ्या मागच्या चाकाला सात चकत्या आहेत, म्हणून ‘६-७-८ स्पीड’ची लिंक माग. बाकीच्या पैशांत पुढचा-मागचा लाइट. झाले तीन हजार.

पुढच्या महिन्यात पैसे आले तर आणखी एक वस्तू, जी त्या बाराच्या सेटमध्ये कधीच नसते: डिरेलर हँगर. मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने धरलेला असतो, तो हा. सायकल उजव्या बाजूला पडली की हा वाकतो किंवा मोडतो. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम नरम केलेला असतो. प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा, आणि मॉडेल बंद झालं की तो शोधत फिरावं लागतं. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर जिथून सायकल घेतलीस तिथेच आत्ता विचारून ठेव.

आणि एक मागणं. कासकडे गेलास तर घाटाचा रस्ता धर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सायकल घालू नकोस. तिथे कातळावर मातीचा थर बोटभर असतो आणि टायरने उकरलेली जागा लवकर भरून येत नाही.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. चिंचवडला संध्याकाळी क्लासला सायकलवर जातो. येताना साडेआठ होतात. लाइट कोणता घ्यावा? पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ येते ती वेगळीच. त्याच्या सायकलला मडगार्डच नाही.

मुलगा क्लासहून अंधारात येतो, म्हणजे मागचा लाल लाइट आधी. रस्त्यावर दिवे असतात तिथे त्याला रस्ता दिसतोच. मागून येणाऱ्याला तो दिसणं जास्त गरजेचं. यूएसबीवर चार्ज होणारे दोन्ही लाइट घ्या, पाकिटावर आयपीएक्स ४ किंवा त्याहून वरचा आकडा असावा, म्हणजे पावसाच्या शिंतोड्यांनी बिघडत नाहीत. मोबाइलबरोबरच दर रविवारी चार्जिंगला लावायची सवय लावा. पुढचा लाइट जमिनीकडे थोडा झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत जाता कामा नये.

पेडलवर मुळात आलेले पिवळे रिफ्लेक्टर काढू देऊ नका. मुलांना ते बावळट वाटतात, पण पाय फिरला की ते वर-खाली हलतात आणि गाडीवाल्याला लांबूनच सायकल ओळखू येते. दप्तराला आणि सीटखालच्या नळ्यांना रिफ्लेक्टर टेप चिकटवा, अगदी थोड्या पैशांत काम होतं.

मडगार्ड घरीच होईल. प्लॅस्टिकची जाड फाइल घ्या, कागद ठेवतो ती. पुढच्यासाठी साधारण फूटभर लांब आणि वीतभर रुंद तुकडा कापा, कोपरे गोल करा. शॉकअपच्या दोन नळ्यांना जोडणारी कमान टायरच्या वर असते, तिच्याखाली तो तुकडा बसवायचा. बाजूला भोकं पाडून चार केबल टाय आवळा. चाक फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा, आणि शॉकअप दाबूनही बघा, कारण दाबल्यावर टायरबरोबर तो तुकडाही वर येतो. याने डोळ्यांत उडणारा चिखल थांबतो. पाठीवरच्या रेघेसाठी मात्र सीटच्या नळीला अडकवायचं लांब मडगार्ड दोन-अडीचशेला विकतच घ्या.

मी नाशिकचा निवृत्त शिक्षक. रोज पंधरा-वीस किलोमीटर एमटीबी चालवतो. बैठकीला फार त्रास होतो. जेलचं कव्हर घ्यावं का? तळहातांनाही मुंग्या येतात.

सर, कव्हर घेण्याआधी दोन गोष्टी करा, पैसे लागत नाहीत. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर कलता कामा नये. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात योग्य तेवढा बाक राहतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ज्येष्ठांची सीट बरीच खाली असते, पाय पटकन टेकावेत म्हणून. त्याने सगळं वजन बैठकीवर येतं आणि गुडघेही दुखतात.

दुसरं, सीट सपाट आहे का ते गवंड्याच्या लेव्हलने बघा. पुढचं टोक खाली झुकलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि ते हातांनी रोखता. मुंग्या बऱ्याचदा तिथूनच येतात.

जेलचं कव्हर पहिल्या दिवशी फार छान वाटतं. पण हाडं त्यात रुततात, मऊ भाग मधोमध वर येऊन नको तिथे दाबतो, आणि कव्हर सरकतं ते वेगळंच. त्याऐवजी पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट घ्या, सातशे ते हजारात बरी मिळते. आत दुसरं काही घालायचं नाही, वरून नेहमीची पँट चालते. हातांसाठी हँडलच्या दोन्ही टोकांना लावायचे बार एंड घ्या. सरळ हँडलवर हाताची एकच जागा असते, याने दुसरी मिळते आणि चढावर ओढायलाही बरं पडतं. एवढं करूनही महिनाभरात मुंग्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

रत्नागिरीत समुद्राजवळ राहते. चेन सारखी गंजते. शेजारचे काका इंजिन ऑइल घाला म्हणतात, आई खोबरेल तेल म्हणते. महागडं ऑइल घ्यायलाच हवं का?

सायकलच्या चेन ऑइलची छोटी बाटली घे, साधारण अडीचशेपर्यंत मिळते आणि एकट्या सायकलला बरेच महिने पुरते. पावसाळ्यासाठी ‘वेट’ लिहिलेलं, उन्हाळ्यासाठी ‘ड्राय’. एकच परवडत असेल तर तुमच्याकडे वेट. इंजिन ऑइलने गंज थांबेल, पण तुमची लाल माती त्यात कालवली की चेनवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. शिलाई मशीनचं तेल कोरड्या दिवसांत चालतं, एका सरीत धुऊन जातं. खोबरेल डोक्यालाच राहू दे.

चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब, पेडल उलटं फिरवत. पाच मिनिटं थांब आणि बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून टाक. तेल आत हवं, बाहेर राहिलेल्याला फक्त धूळ चिकटते. डिस्कवर थेंबही उडू देऊ नकोस, ब्रेक पॅड तेल पितात आणि मग धरत नाहीत. धुताना साध्या पाण्याची बादली आणि ब्रश. गाड्या धुतात तो जोरदार फवारा नको, त्याने पाणी हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये शिरतं.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा सीटची नळी खुणेची टेप लावून बाहेर काढ आणि सायकल उलटी कर. फ्रेममधून पाणी निघालं तर दचकू नकोस, सीटच्या खाचेतून ते आत जातं. वाळल्यावर नळीला ग्रीस लावून खुणेपर्यंत बसव. फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नको.

चेन बदलायची वेळ झाली का हे सुताराच्या टेपने कळतं. एका पिनच्या मध्यावर एक इंचाची खूण ठेव आणि पुढच्या चोविसाव्या पिनचा मध्य बघ. नवीन चेनमध्ये तो बरोबर तेरा इंचांवर येतो. एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, पुढे गेला असेल तर उशीर झालाय, मागच्या चकत्याही खाल्ल्या गेल्या असतील. अर्ध्या सुतालाच चेन बदललीस तर चकत्या वाचतात, आणि त्या चेनपेक्षा महाग असतात.

नागपूरहून: स्पीडोमीटर, मोबाइल होल्डर आणि कुलूप, यातलं एकच घ्यायचं असेल तर? माझ्या सायकलची चाकं खटका उघडून हाताने निघतात.

कुलूप. अंतर आणि वेग मोबाइल खिशात ठेवूनही मोजतो. जाड साखळीचं किंवा यू आकाराचं घ्या आणि ते मागच्या चाकातून व फ्रेममधून एकदमच ओवून खांबाला लावा. पुढच्या चाकासाठी वेगळी केबल नको असेल तर खटक्याच्या जागी ॲलन कीने आवळायचा स्क्यूअर, म्हणजे चाक धरून ठेवणारी दांडी, बसवून घ्या, दोन-तीनशेचं काम आहे. मग मात्र पंक्चर झाल्यावर चाक काढायला ५ मिलिमीटरची चावी कायम सोबत ठेवावी लागेल.