अँटेना जरा डावीकडे

वाचकांचे प्रश्न, टीव्हीवाल्या काकांची उत्तरं

गेल्या अंकात मी एवढंच विचारलं होतं, की एके काळी जीव टाकून पाहिलेली मालिका अलीकडे पुन्हा पाहिलीत का, आणि काय वाटलं. पत्रं आली, फोन आले. एका बाईंनी तर दांडिया बाजारात मेथी निवडता निवडता मला अडवून उत्तर मागितलं. एका गृहस्थांनी मी १९८९ साली दिलेलं, सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरचं बिल जपून ठेवलंय. पस्तीस रुपये. वर तक्रार अशी, की चित्रात मुंग्या तेव्हाही होत्याच.

नव्या वाचकांसाठी सांगतो. १९८३पासून जवळजवळ अठ्ठावीस वर्षं मी बडोद्यात टीव्ही दुरुस्त केले. त्यामुळे मालिकांचं माझं ज्ञान जरा उलटं आहे. बहुतेक मालिका मी टीव्हीच्या मागच्या बाजूने पाहिल्या, म्हणजे ऐकल्या. तोंडात टॉर्च, हातात सोल्डरिंग आयर्न, आणि पलीकडे बसलेल्या माणसांचे चेहरे. चित्र त्यांच्या वाट्याला, चेहरे माझ्या.

प्रश्न : नात फाइन आर्ट्‌सला शिकते. तिला मी मोठ्या कौतुकाने मोबाइलवर 'हम लोग' दाखवली. तिसऱ्या भागाला ती उठूनच गेली. म्हणाली, "आजी, ही भागवंती दिवसभर सगळ्यांची बोलणी खाते आणि तुम्ही नुसत्या रडत बसायचात? कोणी टीव्ही कसा फोडला नाही?" मला तर भागवंतीत माझी आई दिसायची. आम्ही इतक्या बावळट होतो का हो?
— एक आजी, बाबाजीपुरा

उत्तर : आजी, तेव्हा लोकांनी टीव्ही फोडले असते तर आज मांजलपुरात माझा बंगला असता.

तुमच्या नातीला एक गंमत सांगा. भागवंती मुळात तिच्यासारख्यांनी चिडावं म्हणूनच लिहिली होती. ७ जुलै १९८४ला 'हम लोग' सुरू झाली, पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात संपली, दीडशेहून जास्त भाग झाले. लेखक मनोहर श्याम जोशी. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार करत, तो नमुना समोर ठेवून ही बेतली होती. पहिल्या काही भागांत उपदेश इतका, की लोक जांभया द्यायला लागले. मग उपदेश पातळ केला आणि गोष्ट दाट केली. भागवंतीचा नवरा बसेसर राम दारू पिऊन घरी येणार, मुलांपैकी नन्हेला क्रिकेट खेळायचंय, मझलीला सिनेमात जायचंय, छुटकीला डॉक्टर व्हायचंय, आणि या सगळ्यांत भागवंती खाली मान घालून पोळ्या लाटणार. 'बायांनो, असं राहू नका' हे दाखवायला उभी केलेली बाई होती ती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द समजावायचे, तेही त्यासाठीच. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा कळलं, की पुष्कळ बायकांना भागवंतीच आदर्श वाटत होती. लेखकाने शेतात बुजगावणं उभं केलं आणि लोकांनी ते उचलून देव्हाऱ्यात ठेवलं.

तेव्हा जोशींना हवी होती तशी प्रेक्षक तुमची नात आहे. फक्त चाळीस वर्षं उशिरा आली.

पण बावळटपणाचं म्हणाल तर मला ते मान्य नाही. १९८५चा पावसाळा होता. सुरसागरच्या मागे एका वाड्यात बोलावणं आलं. लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट संच, चित्र वरून खाली पळतंय. व्हर्टिकल होल्ड गेलेला. खोलीत आठ-नऊ बायका, पोरं वेगळी, आणि 'हम लोग' सुरू. संच बंद करू देईनात. असं काम करू नये, झटका बसतो, पण तेव्हा माझं वय ते होतं. मी मागे शिरलो. पलीकडून बसेसर रामचा आरडाओरडा, भागवंतीचा आवाजच नाही. घरातली धाकटी सून म्हणाली, "बोलत का नाही ही?" कोपऱ्यात एक म्हातारी भिजवलेले वाल सोलत होती. वर न बघता म्हणाली, "बोलून जाईल कुठं?"

त्यावर कोणीच काही बोललं नाही. मी होल्ड फिरवला, चित्र थांबलं, आणि भागवंतीचा चेहरा स्थिर दिसला. तेव्हा त्या बायकांचे चेहरे मी समोरून पाहिले. त्यांत भक्ती नव्हती. कोणी बावळटही दिसली नाही. त्या म्हातारीने नुसता हिशोब केला होता. तुमच्या नातीच्या वहीत एक रकाना जास्त आहे, घरातून निघालं तर जायचं कुठे याचा. तो तिला आयता छापून मिळाला. आपल्या बायकांना हाताने आखावा लागला, आणि त्यातल्या काहींनी तो आखला, ते याच मालिका बघत बघत.

तिला आधी तुमच्या आईबद्दल सांगा आणि मग चौथा भाग लावा. पुन्हा उठून गेली तर जाऊ द्या.

प्रश्न : काका, लॉकडाऊनमध्ये आजोबांबरोबर 'रामायण' पाहिलं. मला ते फार संथ वाटलं. बाण समोरासमोर येतात आणि थांबूनच राहतात! गंमत म्हणजे आजोबाही मध्येच घोरायला लागले. हेच आजोबा म्हणे १९८७ साली आंघोळ केल्याशिवाय टीव्हीसमोर बसत नसत. मग तेव्हाची श्रद्धा खोटी होती का?
— वय २४, करेलीबाग

उत्तर : आजोबांना घोरू दे. वयाचा मान आहे तो.

आधी आकडे बघ. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, म्हणजे दीड वर्ष, दर रविवारी सकाळी एक, असे अठ्ठ्याहत्तर भाग. तेच २०२० साली २८ मार्चपासून रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला दाखवले आणि तीन आठवड्यांत संपवले. आठवडाभर वाट पाहून मिळालेला लाडू आणि सकाळ-संध्याकाळ ताटात पडणारा लाडू, चव एकच कशी लागेल? तो संथपणा आठवड्याच्या मापाने शिवलेला होता. बाण थांबायचा, कारण बघणाऱ्यालाही घाई नव्हती. पुढचे सहा दिवस त्याच बाणावर बोलायचं असायचं, ऑफिसात, ओट्यावर, नळावर. तरी लोकांनी तो पुन्हा पाहिलाच. १६ एप्रिल २०२०च्या भागाला पावणेआठ कोटींच्या आसपास प्रेक्षक होते, असं दूरदर्शननेच जाहीर केलं. त्यांतले किती घोरत होते ते जाहीर केलं नाही.

आता माझं ऐक. रविवारची सकाळ म्हणजे माझा सगळ्यात धावपळीचा वेळ. शनिवारी रात्री अँटेनावर माकड बसलेलं असायचं आणि रविवारी नऊला घरातले रडवेले. मी कौलांवरून ओरडायचो, "आलं का?" खालून, "जरा डावीकडे... गेलं... आलं, आलं!" 'आलं' म्हटलं की खाली सगळे चिडीचूप, आणि मी एकटा वर. सगळं 'रामायण' मी असं ऐकलं. रवींद्र जैनांची चौपाई शेजारच्या दहा घरांतून एकदम यायची, एखाद्या घरात अर्धा क्षण मागे. दृश्य मात्र बघायला मिळालं नाही.

ते २०२० साली पाहिलं, बत्तीस-तेहतीस वर्षांनी, सोफ्यावर बसून, समोरून. आवाज सगळे ओळखीचे, चित्र सगळं नवं. अरविंद त्रिवेदींच्या रावणाला मी त्या हसण्यावरून नुसता राक्षस समजत होतो. समोरून पाहिला तर डोळे निराळंच सांगत होते, शहाणा माणूस हट्टापायी कसा बुडतो ते. गुजराती रंगभूमीवर मुरलेला नट तो, उगाच नाही. मला आता राम दिसला की पुढे काय होणार ते पाठ असतं, रावण दिसला की मी सरसावून बसतो. बायको म्हणते, या वयात हे काय. तेव्हा माझंही मत बदललंय, पण तुझ्या उलट दिशेने.

आपल्या गावाचं आणि या मालिकेचं नातंही विसरू नकोस. चित्रीकरण झालं उंबरगावला, मुंबईला जाताना वापी सोडल्यावर लागतं ते. आणि १९९१ साली लोकसभेला बडोद्याने सीता झालेल्या दीपिका चिखलिया यांना निवडून दिल्लीला पाठवलं. सीतेला मत दिलं की उमेदवाराला, हे तुझ्या आजोबांना विचार. जागे झाले की.

प्रश्न : दादरच्या मावशीने लहानपणापासून मुंबई दूरदर्शनवरच्या 'चिमणराव'चं इतकं कौतुक ऐकवलं, की आपण बडोद्यात वाढलो याचं वाईट वाटायचं. आता एक भाग बघायला मिळाला. कापडी भिंती, नाटकासारखं बोलणं. मावशी वाढवून सांगत होती का?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : मावशी खरंच बोलत होती. तिच्या चाळीत एका संचासमोर चाळीस माणसं बसलेली, त्यांचा हशा मिळून ती मालिका पूर्ण व्हायची. तो हशा रेकॉर्डिंगमध्ये कुठून येणार? पण भिंती सोडून एकदा चिमणराव झालेल्या दिलीप प्रभावळकरांच्या चेहऱ्याकडे बघा. घाबरलेला माणूस आब कसा राखतो ते दिसेल. बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊबद्दल तर बोलायलाच नको.

खरी चुटपुट वेगळीच आहे. चिमणराव ज्यांनी लिहिला ते चिं. वि. जोशी आपल्या बडोदे कॉलेजात पाली शिकवायचे. म्हणजे बडोद्यात लिहिलेला माणूस मुंबईच्या टीव्हीवर गेला आणि तो बडोद्यालाच दिसेना! मुंबईचं केंद्र १९७२पासून चालू, पण लहरी इथवर पोचायच्या नाहीत. पुढे माझ्याकडे काही मराठी घरं हट्ट धरायची, चाळीस फुटी पाइप लावा, मुंबई पकडून द्या. मी लावायचो. उन्हाळ्यातल्या एखाद्या रात्री हवेची लहर लागली तर दहा मिनिटं मराठी बातम्या ऐकू यायच्या, वर मुंग्या. तेवढ्यावर लोक लीलो चेवडो, म्हणजे ओला चिवडा, खिलवायचे. पण चिमणराव तोवर संपला होता.

प्रश्न : कॉलेजात 'साराभाई व्हर्सेस साराभाई' बघताना मी त्यातल्या मध्यमवर्गीय सुनेला, मोनिशाला हसायचो. आता लग्नाला नऊ वर्षं झाली, आई आणि बायको एकाच घरात. आता बघताना ना मोनिशाला हसू येतं ना तिच्या उच्चभ्रू सासूला, मायाला. मला मोनिशाच्या नवऱ्याचा, साहिलचाच राग येतो, दोघींच्या मध्ये बसून नुसता मजा बघतो म्हणून. असं होतं का कोणाचं?
— वय ४१, वाघोडिया रोड

उत्तर : होतं. बायकोने हे पत्र वाचलंय का? नसेल तर वाचायला द्या, घरात चार दिवस बरे जातील.

माझं या मालिकेशी जुनं भांडण आहे. २००४ साली स्टार वनवर लागली तेव्हा मी दुसऱ्याच भागाला बंद केली. कारण माया मला ओळखीची होती. अलकापुरीकडे एका बंगल्यात मी वर्षानुवर्षं जायचो. चपला बाहेर, पिशवी बाहेर, आणि पाणी वेगळ्या स्टीलच्या ग्लासात. तो ग्लास खिडकीत पालथा ठेवलेला असायचा, माझ्यासाठी आणि प्लंबरसाठी. माया "मिडल क्लास" म्हणाली की मला तो ग्लास दिसायचा. लोक हसत कशाला होते ते कळेना. अर्थात तेव्हा फार लोक हसतच नव्हते. टीआरपी बेताचा, सत्तरेक भागांत, दीडेक वर्षात आटोपली. कोण काय बघतं ते मोजायला मोजक्या घरांत बसवलेल्या पेट्या आणि त्या वेळी सुरू असलेला संच, एवढ्यावर तेव्हाचं मत ठरायचं. तुकडे मोबाइलवर फिरायला लागले, पोरांना संवाद पाठ झाले, तेव्हा ती मोठी मालिका ठरली.

मी परत पाहिली ती सुनेमुळे. सून गुजराती, मायाच्या धाकट्या मुलाच्या, रोसेशच्या कवितांवर तिचं पोट दुखेपर्यंत हसणं. चार-पाच भाग तिच्याबरोबर बसलो तेव्हा लक्षात आलं, की लिहिणारा मायाकडून बोलत नाहीये, तो मायालाच चिमटे काढतोय. मला ते वीस वर्षांपूर्वी दिसलं नाही, कारण मी ग्लासाकडे बघत होतो. आता हसतो. माया झालेल्या रत्ना पाठक शहांनी भुवई उचलली की अजून क्षणभर थांबतो, मग हसतो.

प्रश्न : माळ्यावर सासऱ्यांचा लाकडी शटरचा टीव्ही आहे. त्याच्यावर पेन ड्राइव्हमधली 'नुक्कड' लावून यांच्या साठीला सगळ्यांना चकित करायचंय. जमेल का?
— दांडिया बाजार (मेथीवाली)

उत्तर : अहो, तुम्हीच का त्या! जमेल. सरळ जोडता येणार नाही, जुन्या संचाला फक्त अँटेनाची वायर कळते. मध्ये पेन ड्राइव्ह चालवणारा एक प्लेअर लागेल आणि एक छोटा मॉड्युलेटर, म्हणजे चित्र-आवाज अँटेनाच्या सिग्नलात बदलणारा डबा, तो माझ्याकडे पडून आहे. पहिल्यांदा चालू करताना धुळीचा वास येईल, घाबरू नका. चित्र पळालं तर समोरच्या बटणांशी खेळत बसू नका आणि मागचं झाकण तर मुळीच उघडू नका. बंद संचाच्याही पिक्चर ट्यूबमध्ये हाय व्होल्टेज साठून राहू शकतं. शनिवारी चारनंतर मी येतो. दोन माणसं लागतील खाली उतरवायला, वजन आहे त्याला.