महागडं फाउंटन पेन घ्यावं का?

प्रश्न: बाबा निपाणीच्या शाळेतून रिटायर होतायत, त्यांना मॉन्टब्लांक द्यावं म्हणतोय, एवढे पैसे घालण्यासारखं असतं का हो ते?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: नुसतं लिहायलाच असेल तर नको. मॉन्टब्लांकच्या १४९ या मॉडेलची निब १८ कॅरेट सोन्याची, पण कागदाला टेकतो तो टोकावरचा कठीण मिश्रधातूचा बारीक मणी, आणि तसा मणी चांगल्या स्टीलच्या निबवरही असतो, म्हणजे गुळगुळीतपणा सोन्याचा नाही, टोक कसं घासलंय त्याचा. बाकी पैसे बरेचसे नावाचे. सोन्याचीच निब हवी तर पायलट कस्टम ७४ बघा, १४ कॅरेट, किंमत खूपच कमी. बाबांना त्या नावाचीच हौस असेल तर मात्र बिनधास्त घ्या, आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्यात त्यांनी. फक्त ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई घालू नका, फीड, म्हणजे निबपर्यंत शाई पोचवणारा भाग, चोंदतो.