एका गिरहात किती अँगस्ट्रॉम?

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. माझं सारं आयुष्य शिलाई मशीनवर गेलं. नात यवतमाळला अकरावी सायन्सला आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा तिच्या पुस्तकात अँगस्ट्रॉम नावाचं माप दिसलं. मी म्हटलं, बाई, मला गिरहात सांग म्हणजे समजेल. तिनं मोबाईलवर पाहिलं, तर कापडाच्या मापांत गिरह नाहीच; 'नेल' मात्र आहे. आता खिळ्यानं का कापड मोजतात? एका गिरहात अँगस्ट्रॉम किती, तेवढं सांगा. आणि कापूस विकताना 'माईक चार' म्हणतात, ते मायक्रॉनच का?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, नातीच्या मोबाईलनं तुमचा गिरहच दाखवला, फक्त साहेबाच्या नावानं. यार्डाचा सोळावा भाग म्हणजे नेल, आणि आपल्या ३६ इंची गजाचा सोळावा भाग म्हणजे गिरह. दोन्ही सव्वादोन इंच. इंग्लंडात असे २० नेल मिळून एक 'एल' व्हायचा, म्हणजे ४५ इंच. खिळा भिंतीतच राहू द्या.

आता हिशेब. इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, १९५९ पासून हा आकडा पक्का ठरला आहे, पुढे दशांश नाहीत. म्हणून गिरह ५.७१५ सेंटिमीटर. एका सेंटिमीटरात अँगस्ट्रॉम दहा कोटी. गुणा : एका गिरहात ५७ कोटी १५ लाख अँगस्ट्रॉम. वारात याच्या सोळापट, म्हणजे ९१४ कोटी ४० लाख. नातीला नॅनोमीटरमध्ये हवं असेल तर या आकड्यांना दहानं भागा. मायक्रॉन मात्र सेंटिमीटरमागे दहाच हजार, म्हणजे गिरहात ५७,१५०. हे हातात किंवा वितीत विचारलं असतं तर मी उत्तरच दिलं नसतं. तुमचा हात वेगळा, माझा वेगळा. इथे तर एका केसाच्या फरकानं लाखांची उलथापालथ होते.

नुसत्या कोटींनी डोक्यात काही शिरत नाही, म्हणून आपल्या वावरातलं घेऊ. बोंडातला एक तंतू जाडीला साधारण १५ मायक्रॉन धरा. असे तंतू एकाला एक चिकटवून मांडले तर गिरहभर रुंदीत ३,८१० बसतील. अँगस्ट्रॉमचं काम त्याच्याही फार खाली, अणूपाशी. हायड्रोजनचा अणू साधारण एक अँगस्ट्रॉमचा. आँग्स्ट्रोम हे स्वीडनचे शास्त्रज्ञ, प्रकाशाच्या लहरी मोजणारे. त्यांच्यावरून हे नाव पडलं. तुमच्या बोटाचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं. म्हणजे सेकंदाला दहा-बारा अँगस्ट्रॉम. तुम्ही सुईत दोरा ओवेपर्यंत नख शंभरेक अँगस्ट्रॉम पुढे गेलेलं असतं. गिरहभर वाढायला मात्र त्याला दीड वर्षाच्या वर लागेल.

माईकचं बरं विचारलंत, कारण इथे भलेभले फसतात. माईक म्हणजे मायक्रोनेअर. त्याचा मायक्रॉनशी संबंध नावापुरता. माईक चार म्हणजे एक इंच तंतूचं वजन चार मायक्रोग्रॅम. लांबी नव्हे, वजन. आणि त्यातही इंच अजून टिकून आहे! मोजताना रुईच्या ठरावीक वजनाच्या पुंजक्यातून हवा सोडतात. तंतू बारीक असले की हवा अडते आणि आकडा खाली येतो. पण तंतू कच्चे, भिंत न भरलेले असले तरी आकडा खालीच येतो. म्हणून शेवटच्या वेच्याच्या, फरदडीच्या कापसाचा माईक उतरला तर 'वा, किती तलम' म्हणून खूश होऊ नका, तो बहुधा न भरलेला असतो.

जाता जाता घरची गोष्ट. माझ्या वडिलांचं आठवडी बाजारात कापडाचं पाल लागायचं. १९५६ च्या कायद्यानं मीटर आला, तरी आमच्या पालात लुगडं नऊवारीच मागायचे आणि लोखंडी गजानंच मोजायचे. ते गेल्यावर एकदा मी तो गज शाळेच्या स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिला. दोन्ही टोकं घासून तीन मिलिमीटरनं कमी! अँगस्ट्रॉममध्ये तीन कोटी. बरं, एका मापाला तीन मिलिमीटर म्हणजे नऊ वारांत २७. दर लुगड्यामागे बाईचा जवळजवळ अर्धा गिरह जात होता. वडिलांना हे ठाऊक होतं की नाही, आता कोणाला विचारू? आईला विचारलं, तर ती म्हणाली, ते वरून चार बोटं जास्तच फाडत होते.