कडुनिंबाचा पाला कचरा गाडीवाला घेत नाही, नागपुरात तो टाकायचा कुठे?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून त्रिमूर्तीनगरात राहायला आले, अंगणात दोन कडुनिंब, फाल्गुन लागल्यापासून रोज दोन चुंगड्या (म्हणजे पोती) पाला निघून राहिला अन् गाडीवाला हात लावत नाही.

भाऊ, माझ्याकडे कडुनिंब एकच आहे पण हे मी पण भोगलंय. पहिल्या वर्षी चुंगड्या भरून गेटबाहेर ठेवल्या, गाडीवाला म्हणे हा घरचा कचरा नाही, मी म्हटलं मग काय शेजाऱ्याचा आहे का, अन् दहा मिनिटं आमचं तिथंच जुंपलं. नंतर डोकं थंड झाल्यावर पटलं, त्याचं काही खोटं नव्हतं. त्या छोट्या गाडीत ओल्याचा कप्पा वेगळा, सुक्याचा वेगळा, पाल्याला वजन काहीच नाही पण चार चुंगड्यांत जागा संपते, मग पुढच्या गल्लीवाल्यांनी काय करायचं? अन् २०१६ च्या घनकचरा नियमांत पण हेच होतं, बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा अन् मनपा सांगेल तसा द्यायचा.

शेजारी म्हणतील, लावा काडी अन् व्हा मोकळे. बिलकुल नका लावू. हरित लवादानं २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये अन् मोठा ढीग असेल तर २५,००० असं ठरवून दिलंय. दंडाचं सोडा, अर्धवट ओला पाला धुमसत राहतो अन् अख्खी गल्ली खोकते. रस्त्यावर पण लोटू नका, सकाळी खराटा मारणाऱ्या ताईंनी तेवढ्यासाठी दोनदा का वाकायचं, अन् नालीत गेला की पहिल्याच पावसात पाणी तुमच्याच गेटाशी.

मी काय करतो सांगतो. कंपाउंडच्या कोपऱ्यात कोंबडीची जाळी गोल उभी केली, कमरेएवढी. पाला टाकायचा, पायानं दाबायचा, मधेमधे भाजीची सालं अन् शेणाचं पाणी, शेण नसेल तर आंबट ताक. खरी गोम पाण्याची आहे. पुण्यात जमेल पण आपल्या इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, पाल्याचा पापड होतो अन् कोरडा पाला वर्षभर तसाच पडून राहतो, कुजत नाही. म्हणून वरून ओलं तरट टाकतो, अन् कुलरची टाकी डेंगूच्या भीतीनं आठवड्याला रिकामी करतोच, ते पाणी त्याच्यावर. पाऊस लागला की ढीग आपोआप बसतो, दिवाळीच्या आसपास खालून काळं खत निघतं. थोडा पाला तसाच लिंबूच्या झाडाच्या आळ्यात पसरतो, मेमध्ये ओल टिकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिला आपण इडापिडा घेऊन जा म्हणून ओरडतो, पण पाला काही ती नेत नाही, मी पाहिलंय!

फांद्यांचं वेगळं. जाड फांदी परस्पर तोडू नका, १९७५ च्या वृक्ष कायद्यानं परवानगी लागते, मनपाच्या तुमच्या झोन ऑफिसात उद्यान विभागाचं विचारा अन् तोडलेलं कोण उचलणार हे पण तेव्हाच विचारून घ्या.

अन् तुमचे कडुनिंब दोन आहेत तर जाळ्या पण दोन करा, एक भरेपर्यंत दुसरी मुरते.