वाचक विचारतात : पुण्यातील वास्तू कोठून पाहायला सुरुवात करावी?

प्रश्न : माझ्या मुलीला यंदा पुण्यात वास्तुकलेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. तिला सोडायला आम्ही दोघे येणार असून दोन दिवस हाताशी आहेत. शनिवारवाडा आणि दगडूशेठ गणपती यांपलीकडे पुण्यात आम्ही काही पाहिलेले नाही. मुलीला कोणत्या वास्तू दाखवाव्यात आणि त्यांत नेमके काय पाहावे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन दिवसांत दहा वास्तू धावतपळत पाहण्यापेक्षा एक धागा धरून चारच वास्तू सावकाश पाहाव्यात, असे मला वाटते, आणि पुण्यात तो धागा म्हणजे येथला काळा पाषाण. लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले, त्यातलाच हा बेसाल्ट. शहराच्या पोटात तो सर्वत्र आहे. वेगवेगळ्या काळच्या कारागिरांनी या एकाच दगडाला कसे हाताळले, हे डोळ्यांनी पाहिले की आपल्या मुलीला पुढचा बराच अभ्यास सोपा जाईल.

सुरुवात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरापासून करावी. राष्ट्रकूट काळातले, साधारण आठव्या शतकातले हे लेणे जमिनीच्या पातळीखाली कातळ खोदत जाऊन घडवले आहे. अंगणातला नंदीमंडप गोल आहे, आणि हा गोल आकार लेण्यांत सहसा पाहायला मिळत नाही. मंडपाचे जाड चौकोनी खांब आणि वरचे सपाट छत्र हे सारे त्याच अखंड कातळाचा भाग आहेत, म्हणजे अंगण खोदताना मंडपापुरता दगड कारागिरांनी आधीपासूनच राखून ठेवला होता. आत गाभाऱ्यांच्या बाजूला काम अर्धवट राहिलेले दिसते. ते चुकवू नये, कारण दगड कोणत्या क्रमाने काढत नेत असत, याचा अंदाज अशा अपुऱ्या जागांवरूनच येतो.

यानंतर सोमवार पेठेत, नागेश्वराच्या देवळाजवळचा त्रिशुंड गणपती पाहावा. एकच वास्तू पाहण्याइतका वेळ असेल, तर मी हीच सुचवीन. भीमगिरजी गोसावी यांनी 1754 मध्ये सुरू केलेले हे मंदिर 1770 मध्ये पूर्ण झाले. पेशवाईतली पुण्याची बहुतेक देवळे बाहेरून साधी आहेत. येथे मात्र उंच जोत्यावरची दर्शनी भिंत द्वारपाल, गजलक्ष्मी, प्राणी आणि पक्षी यांनी भरून गेली आहे. बेसाल्ट कठीण असतो, संगमरवरासारखा छिन्नीला सहज वश होत नाही, हे ध्यानात ठेवून ही भिंत पाहावी. दाराच्या बाजूला खालच्या पट्ट्यात साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याच्याजवळ बंदूकधारी गोरे शिपाई कोरलेले आहेत. प्लासीची लढाई 1757 मध्ये झाली आणि त्यानंतर बंगाल इंग्रजांच्या हाती गेला. गेंडा हे त्या पूर्वेकडच्या प्रदेशाचे प्रतीक असावे, असा तर्क केला जातो. तो खरा असेल, तर पेशव्यांच्या राजधानीतल्या पाथरवटाने देवळाच्या भिंतीवर त्या काळचे राजकारणच नोंदवून ठेवले आहे. आत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत, तळघरात समाधिस्थान आहे, आणि गाभाऱ्यात मोरावर बसलेली तीन सोंडांची गणेशमूर्ती आहे. देऊळ गल्लीत आहे व नित्य पूजेचे आहे, म्हणून दर्शन घेऊन मग निवांतपणे भिंतीपाशी थांबावे. कोवळ्या तिरप्या उन्हात कोरीव कामाचा उठाव अधिक स्पष्ट दिसतो.

शनिवारवाडा आपण पाहिला आहे, तरी याच धाग्याने पुन्हा एकदा जावे. थोरल्या बाजीरावांनी 1730 मध्ये पायाभरणी केलेल्या या वाड्याचे वरचे लाकडी मजले 1828 च्या आगीत जळाले. जे टिकले ते दगडी जोते, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा. तटाजवळ उभे राहून खालचा चिरेबंदी भाग कोठे संपतो आणि विटांचे काम कोठे सुरू होते, हे मुलीला शोधायला सांगावे.

चौथी वास्तू विद्यापीठाच्या आवारात आहे आणि ती पाहायला आधी चौकशी करून परवानगी घ्यावी लागते, पण तेवढी खटपट जरूर करावी. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था चार्ल्स कोरिया यांनी रचली. त्यांनी तिच्या भिंतींना खाली बेसाल्ट, त्यावर अधिक काळा कडप्पा आणि सर्वांत वर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट लावला आहे. काळ्यावर काळे असे हे थर अवकाशाच्या अथांगपणाकडे नेतात, आणि वरच्या चकचकीत दगडात जाणारे ढग उमटतात. मधले अंगण कुंडासारखे खाली उतरत जाते आणि तेथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. सकाळी पाताळेश्वराच्या अंगणात उतरून दुपारी या कुंडाकडे आलात, तर दोहोंतले नाते मला वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्न : आमचा पेठेतला जुना वाडा पुनर्विकासासाठी पाडला गेला. लाकडी वाड्याची रचना मुलांना आता कोठे दाखवता येईल? – एक वाचिका, सदाशिव पेठ

उत्तर : आपले दुःख पेठांतल्या अनेक घरांचे आहे. राहता वाडा आता क्वचितच दिसतो, त्यामुळे थोरले बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा हीच सर्वांत सोयीची जागा. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. रस्त्यावरून आधी कोरीव लाकडी सज्जा पाहावा. मग सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब आणि त्यांवरची केळफुले पाहावीत. चौकात गेल्यावर मुलांना मान वर करून कडीपाटाचे लाकडी छत पाहायला सांगावे. तुळई भार कसा घेते आणि तो खांबावाटे जोत्यापर्यंत कसा पोहोचतो, हे तेथे उघड्यावर दिसते. सिमेंटच्या स्लॅबमध्ये हे सगळे झाकलेले असते. दुरुस्तीच्या कामामुळे वाड्याचा काही भाग बंद असू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

प्रश्न : इंग्रजी अमदानीतली एखादी इमारत सुचवा, जी बाहेरून पाहून परत यावे लागणार नाही. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : महात्मा फुले मंडई. 1886 मध्ये 'रे मार्केट' या नावाने ती सुरू झाली. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती पसरलेली दालने अशी तिची मांडणी आहे. ज्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला, त्याच वास्तूला पुढे त्यांचे नाव मिळाले. परवानगी नको, तिकीट नको. पिशवी घेऊन सकाळी जावे, भाजी घ्यावी आणि गाळ्यांच्या वर नजर टाकून छप्पर पाहावे.